टेम्पेस्टच्या खोक्यातला मेजर हॅवॉक

सँटा क्लाराला दर उन्हाळ्यात 'कॅलिफोर्निया एक्स्ट्रीम' भरतं. संग्राहक मंडळी आपापल्या गॅरेजातली जुनी आर्केड मशीन आणि पिनबॉल ट्रकमध्ये घालून आणतात, एका अवाढव्य हॉलमध्ये रांगा लावतात, आणि एकदा तिकीट काढलं की सगळं खेळायला खुलं. नाणं टाकायचं नाही, बटण दाबलं की खेळ सुरू. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले. शेकडो मशीन एकदम बोलत असतात, त्यामुळे कुठला आवाज कुणाचा ते कळत नाही, आणि थोड्या वेळानं कानांना त्याची सवयही होते. अशा गर्दीत एका कडेला 'मेजर हॅवॉक' नावाच्या, ॲटारी कंपनीच्या जुन्या खेळाचं मशीन उभं होतं. त्याच्या बाजूला एक तरुण उकिडवा बसून मोबाइलच्या टॉर्चनं मशीनची कड तपासत होता. काळ्या रंगाचा खालचा कोपरा घासून उडाला होता आणि आतून बोटभर पिवळा-केशरी रंग दिसत होता. मालक, सत्तरीतले एक आजोबा, फडक्यानं काच पुसत होते. तरुण म्हणाला, "याच्या खाली टेम्पेस्ट आहे." आजोबा म्हणाले, "माहितीये." टेम्पेस्ट हा ॲटारीचाच आधीचा खेळ, त्याच्या खोक्यावर काळा रंग देऊन आत हॅवॉक बसवलेला. मग तरुणानं ते मशीन विकत घेण्याची तयारी दाखवली. काळा रंग काढून, आतली वायरिंग बदलून त्याला ते पूर्ववत टेम्पेस्ट करायचं होतं. आजोबांनी फडकं झटकलं आणि म्हणाले, "टेम्पेस्ट हे दोन-अडीच वर्षं होतं. हॅवॉक होऊन चाळीस वर्षं झाली." एवढं बोलून ते पुन्हा काच पुसायला लागले. तरुण काहीच बोलला नाही. मी मात्र घरी आल्यावरही त्याच वाक्यापाशी घुटमळत राहिले.

मी काही संग्राहक नाही. सनीव्हेलमध्ये चिपच्या कंपनीत नोकरी करते, घरात जागा नाही, आणि असती तरी तिथे मसाल्याच्या बरण्या ठेवल्या असत्या. पण या गावात राहून ॲटारीपासून लांब राहता येत नाही. एल कमिनोवरून किराणा आणायला जाताना एक कॉमेडी क्लब लागतो, त्या जागी पूर्वी अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाचा बार होता. १९७२ साली ॲटारीच्या 'पाँग' या खेळाचं पहिलं मशीन तिथे ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं म्हणून ॲटारीचा माणूस बघायला आला, तर बिघाड काहीच नव्हता, नाण्यांची पेटी ओसंडून वाहत होती. हा किस्सा इथे प्रत्येकाला पाठ आहे. ॲटारीच्या इमारती जिथे होत्या त्या बोरेगस ॲव्हेन्यूच्या परिसरात आज आमच्यासारखी मंडळी दुपारच्या डब्यानंतर शतपावली करतात. गणपतीत पेटीवर साथ करणारा आमचा एक मित्र त्याच भागात बसून रोज व्हेरिफिकेशनचे बग शोधतो.

मेजर हॅवॉक इथलाच. ओवेन रुबिन नावाच्या प्रोग्रामरनं तो रचला. पुढे जोडीला मार्क सर्नी आला, तो तेव्हा विशीतही नव्हता. पुढे प्लेस्टेशन ४ची रचना ज्यानं केली तोच हा. आधी खेळाची नावंही निराळी होती, 'अल्फा वन', 'टोलियन्स वेब'. बाजारात येईपर्यंत १९८३ संपत आलं होतं. त्या एका वर्षात ॲटारीला ५० कोटी डॉलरांहून जास्त तोटा झाला होता. आर्केडवाल्यांकडे नवं मशीन घ्यायला पैसे नव्हते आणि आधीची मशीन कोपऱ्यात धूळ खात होती. म्हणून कंपनीनं हॅवॉक दोन तऱ्हांनी विकला. एक पूर्ण मशीन, स्वतःच्या देखण्या खोक्यात. संग्राहक त्याला 'डेडिकेटेड' म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. दुसरं म्हणजे किट: नवा बोर्ड, नवं पॅनेल, वर लावायची नवी मार्की, म्हणजे खेळाच्या नावाची पाटी. हे तुमच्याकडच्या जुन्या टेम्पेस्टमध्ये, ग्रॅव्हिटारमध्ये, ब्लॅक विडोमध्ये किंवा स्पेस ड्युएलमध्ये बसवा आणि त्याच खोक्यातून पुन्हा नाणी कमवा. दोन्ही मिळूनही तो फारसा खपला नाही. म्हणून आज दुर्मीळ.

यातला स्पेस ड्युएल मला विशेष वाटतो. तो खेळही रुबिननंच केला होता, १९८२ साली. म्हणजे दोनेक वर्षांतच या माणसाचा नवा खेळ त्याच्याच आधीच्या खेळाच्या खोक्यात, आधीच्याला बाहेर काढून, बसवला जात होता. त्याला त्याचं काय वाटलं असेल कोण जाणे. रुबिनचा स्वभाव मात्र त्याच्या एका जुन्या खोडीतून कळतो. सहकारी एड रॉटबर्ग 'बॅटलझोन' करत होता आणि त्यात क्षितिजावर एक ज्वालामुखी नुसताच उभा होता. रुबिन रोज येऊन विचारायचा, हा पेटत का नाही? शेवटी रॉटबर्ग वैतागून म्हणाला, तूच लिही कोड, मी घालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात आला तर कोड त्याच्या खुर्चीवर ठेवलेला. बॅटलझोनमधला ज्वालामुखी आजही ठिणग्या उडवतो तो त्यामुळे.

हॅवॉकही अशाच पेटत नसेल तिथे पेटवणाऱ्या माणसाचा वाटतो. एका खेळात त्यानं चार-पाच खेळ कोंबलेत. यानातून पुढच्या तळाकडे जाताना पडद्याच्या कोपऱ्यात एवढासा 'ब्रेकआउट' खेळता येतो, विटा फोडायच्या, सगळ्या फुटल्या तर एक जादा जीव. मग शत्रूच्या ताफ्याशी गोळीबार. मग यान एका लहानशा पांढऱ्या रेघेवर बरोब्बर उतरवायचं. आणि त्यानंतर मुख्य भाग: हॅवॉक यानातून उतरून तळाच्या आत शिरतो. आत भुलभुलैया. हलकं गुरुत्वाकर्षण, त्यामुळे उडी मारली की तो तरंगतो आणि हवेत असतानाही त्याला डावी-उजवीकडे वळवता येतं. विजेचे पडदे, आगीचे गोळे, एका जागेतून दुसरीकडे फेकणारे ट्रान्सपोर्टर, आणि या सगळ्यात संपत जाणारा ऑक्सिजन. शेवटी अणुभट्टीला हात लावायचा. लावला की उलटी मोजणी सुरू, आणि आता आलात त्याच वाटेनं धावत परत यानाकडे, तळाचा स्फोट व्हायच्या आत. येताना वाट नीट पाहिली नसेल तर जाताना ती सापडत नाही. प्लॅटफॉर्म खेळ म्हणजे पुढे-पुढे जायचं अशी आपली समजूत. इथे अर्धी गंमत परतीच्या वाटेत आहे.

आजोबांनी मला खेळू दिलं. पॅनेलवर टेम्पेस्टची मूळ फिरकी होती. डेडिकेटेड मशीनला आडवा रूळ असतो, तळहातानं डावी-उजवीकडे लोटायचा. टेम्पेस्टच्या फिरकीला आत जड चाक आहे, जोरात फिरवून हात सोडला तरी ती फिरत राहते, कारण त्या खेळात बोगद्याच्या कडेवरून गरागरा धावायचं असतं. हॅवॉकला मात्र एखाद्या फळीच्या टोकाशी पाऊलभर सरकवून उभं करायचं असतं. त्यामुळे माझा हॅवॉक थांबायचा तिथे थांबेना, कड ओलांडून जायचा आणि आगीत पडायचा. मागे उभा असलेला एक शाळकरी मुलगा उसासे टाकत होता. तीन जीव गेल्यावर कळलं की फिरकी बोटांच्या टोकांत धरून ठेवायची, सोडायचीच नाही. पडद्यावर हॅवॉक आणि हाताला टेम्पेस्ट, अशी ही सगळी कसरत.

आणि तो पडदा.

ज्यांनी व्हेक्टर मॉनिटर पाहिला नाही त्यांना हे शब्दांत सांगणं अवघड आहे, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही. आपला जुना टीव्ही ओळीनं, वरून खाली, सगळा पडदा सारवत जायचा. व्हेक्टर मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा किरण फक्त जिथे रेघ हवी तिथेच जातो. त्यामुळे बाकीचा पडदा खरोखर काळा असतो, करडा-बिरडा नाही. रेघा धारदार, त्यांच्या कडांना पायऱ्या नाहीत, आणि दोन रेघा जिथे मिळतात तिथे किरण क्षणभर रेंगाळल्यामुळे एक टिंब जास्त उजळतं. हॅवॉकच्या तळाच्या भिंती अशा चमकणाऱ्या कोपऱ्यांच्या आहेत. माझ्या लॅपटॉपवर 'मेम'मध्ये, म्हणजे जुन्या आर्केड मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हाच खेळ चालतो. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसानं १९९७ साली सुरू केलेलं ते काम नसतं तर यातले कितीतरी खेळ केव्हाच नाहीसे झाले असते. लॅपटॉपवर नियम तेच, आवाज तेच, चुकले की मरणही तेच. पण तिथे प्रकाशाचं चित्र दिसतं, आणि इथे प्रकाशच दिसतो. असे रंगीत व्हेक्टर मॉनिटर आता कोणी बनवत नाही. पिक्चर ट्यूब गेली तर ही मंडळी तशाच मापाची जुन्या टीव्हीची ट्यूब शोधून आणतात आणि तिच्या मानेवर मूळ मॉनिटरचा योक, म्हणजे किरण वळवणारी तारेची वेटोळी, चढवतात.

हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं, कारण मी वाढले ते याच उद्योगात. सांगलीत बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक लाकडी बाक, भिंतीला उघडेवाघडे चॅसिस लटकलेले, आणि वितळलेल्या सोल्डरच्या राळेचा वास, जो बाबांच्या शर्टाला धुतल्यावरही यायचा. शाळेतून आल्यावर टॉर्च धरायचं काम माझं. दादाकडे दिलं की टॉर्च छताकडे जायचा. ट्यूबला हात लावायच्या आधी बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून तिचा साठलेला करंट उतरवायचे. 'टक्' असा आवाज यायचा आणि मगच ते मला जवळ येऊ द्यायचे. आमच्या दुकानात कुठल्याच टीव्हीच्या आत त्याचं स्वतःचं असं फार काही नसायचं. क्राउनच्या खोक्यात वेस्टनचा बोर्ड, डायनोरात कुठल्याशा मेलेल्या सेटची ट्यूब. गिऱ्हाइकाला चित्रहार आणि रविवारचं रामायण दिसलं म्हणजे झालं. अपवाद एकच, लाकडी शटरवाला टीव्ही घेऊन येणारे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या टीव्हीचं शटर तुटलं तेव्हा बाबांनी सुताराकडून नवं करून आणलं. मास्तरांनी त्यावरून हात फिरवला, पैसे दिले आणि म्हणाले, "जुनं फेकलं नाही ना?" बाबांनी ते भंगारात टाकलं होतं. मास्तर काही बोलले नाहीत, पण पुन्हा दुकानात आले नाहीत. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचं काय बिघडलं होतं. मला आता थोडंफार कळतं.

स्टँडजवळ गेमचं दुकान होतं, तिथलीही तीच रीत. मुली आत जात नसत. मी बाहेर सायकली धरून उभी राहायची आणि पडदा सरकला की आतलं दिसायचं. प्लायवूडचं एकच खोकं, त्यावर पेंटरनं काढलेला एक पिळदार मिशीवाला माणूस, जो जगातल्या कुठल्याच गेममध्ये नव्हता. त्या मिशीवाल्याच्या पोटात आधी विमानांचा गेम होता, मग 'मुस्तफा' आला, मग फाइटिंगचा कुठलासा. (मुस्तफाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' आहे हे मला इथे आल्यावर कळलं, आणि दादाला सांगितलं तर त्यानं विश्वास ठेवायला चक्क नकार दिला.) बोर्ड बदलला की मालक बाहेर खडूनं 'नवीन गेम' लिहायचा. जुन्या बोर्डाचं काय झालं हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. ते खोकं मूळचं कशाचं होतं हा प्रश्नच तिथे नव्हता, कारण ते मूळचं कशाचंच नव्हतं.

तर अशा गावातून आलेल्या माणसाला सँटा क्लारातलं हे सगळं जरा लाडाचंच वाटायला हवं. आणि वाटतंही. तिथे दोन माणसं साइड आर्टच्या, म्हणजे खोक्याच्या बाजूंवरच्या चित्राच्या, पिवळ्या रंगाची नेमकी छटा कुठली यावर तावातावानं बोलत होती आणि मला भूक लागली होती.

दुपारी हॅवॉक बंद पडला. म्हणजे आवाज चालू, पडदा काळा. रांगेतल्या लोकांनी हळूहळू दुसरीकडे पाय वळवले. आजोबांनी मागची फळी काढली आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहिले. आत लाकडाचा, धुळीचा आणि तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास. तळाशी ॲटारीचा पॉवर सप्लाय आणि त्यावर डब्याएवढा निळा कपॅसिटर, ज्याला ही मंडळी लाडानं 'बिग ब्लू' म्हणतात. मॉनिटरच्या बोर्डवर एक लाल दिवा पेटला होता. "स्पॉट किलर," आजोबा म्हणाले. किरण इकडेतिकडे हलवणारी यंत्रणा निकामी झाली तर किरण एकाच ठिपक्यावर स्थिर राहील आणि पडद्याचा तेवढा भाग जाळून टाकेल. तसं होऊ नये म्हणून हे सर्किट किरणच बंद करतं. लाल दिवा म्हणजे मॉनिटरनं स्वतःला वाचवायला डोळे मिटलेत. त्यांनी मशीन बंद केलं, थोडा वेळ थांबले, एक प्लग उपसून त्याच्या पिना खरडल्या, पुन्हा घट्ट बसवला. टॉर्च हलवायला त्यांनी एकदाही सांगितलं नाही. बाबाही सांगायचे नाहीत.

तेवढ्या वेळात मी खोक्याची आतली बाजू पाहिली. मागच्या फळीवर ॲटारीचा सिरियल नंबरचा कागद होता, त्यावर टेम्पेस्ट असं छापलेलं. त्याच्याशेजारी बॉलपेननं लिहिलेले आकडे, एकाखाली एक, बहुधा नाण्यांच्या मीटरचे. पहिले काही निळ्या शाईत, मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली दुसऱ्याच अक्षरात काळ्या शाईत. रेघ कसली, म्हणून विचारलं. आजोबा म्हणाले, "तिथे हॅवॉक बसवला असणार." रेघेवरचे आकडे मोठ्या ढांगा टाकत गेलेले, खालचे पावलापावलानं. म्हणजे किट बसवूनही त्या दुकानदाराचं काही भलं झालं नव्हतं. मशीन चालू झालं, ट्यूब तापायला काही सेकंद गेले, आणि काळ्यातून निळ्या रेघा वर आल्या. आजोबांनी फळी लावली. टेम्पेस्टचा कागद पुन्हा अंधारात गेला.

त्या तरुणाचं म्हणणं असं की हा काळा रंग म्हणजे गुन्हा आहे. कुणीतरी आळशी दुकानदारानं फासलेला. संग्राहकांमध्ये हे कौशल्याचं काम मानलं जातं: द्रावण लावायचं, काळा थर फुगू द्यायचा, प्लास्टिकच्या पट्टीनं हलकेच खरवडायचा, आणि खालचं चित्र न दुखावता वर आणायचं. तसं करताना काढलेले व्हिडिओ मी नंतर रात्री उशिरापर्यंत पाहिले. काळ्याखालून तो केशरी राक्षस हळूहळू उमटतो तेव्हा अंगावर काटा येतो, हे मान्य करायला हवं. पण दर वेळी तो राक्षस वर आला की कुठेतरी एक हॅवॉक कमी होतो. टेम्पेस्ट हजारोंनी निघाले होते, आजही पुष्कळ आहेत. हॅवॉक मुळातच थोडे, आणि त्यातलेही किटवाले हे असे एकेक करून 'सुधारले' जातात. जीर्णोद्धारामुळे दुर्मीळ होत जाणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझ्या मावशीचं माहेर नाशिकचं आणि दैवत वणीचं. २०२२ साली मंदिर दीडेक महिना बंद ठेवून सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं अनेक पिढ्यांचं शेंदूरलेपन काढलं, हजारेक किलोहून जास्त शेंदूर निघाला आणि आतली मूळ कोरीव मूर्ती दिसली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले. सगळ्यांनी हात जोडले, कोरीवकामाचं कौतुक केलं. मावशीनं 'छान' एवढंच लिहिलं. नवरात्रात ती जाऊन आली. फोनवर म्हणाली, दर्शन छान झालं, मूर्ती फार सुंदर आहे, पण गर्दीत पुढे सरकताना माझी नजर आपली जुनंच रूप शोधत होती. तिची आजी ज्या रूपापुढे वाकली ते शेंदराचं रूप होतं. मूर्तीला धोका होता, लेप काढणं गरजेचं होतं, तज्ज्ञांनी ते नीट केलं, हे तिलाही पटतं. तरी तिचं काही गेलं होतंच.

जुनं कुठवर मागे न्यायचं हे कोण ठरवतं, असा विचार करताना मला 'डाँकी काँग' आठवला. निन्टेन्डोनं अमेरिकेत पाठवलेली 'रेडार स्कोप'ची सुमारे २ हजार मशीन विकली न जाता गोदामात पडून होती. १९८१ साली त्यांच्या पोटात डाँकी काँग घातला आणि कंपनी वाचली. ती पहिली मशीन लाल रंगाची आहेत, कारण रेडार स्कोपची खोकी लाल होती. आज लाल डाँकी काँग म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. रेडार स्कोप त्याहून कितीतरी दुर्मीळ आहे, तरी लाल डाँकी काँग खोलून आतला रेडार स्कोप परत आणू या, असं म्हणणारा माणूस सापडणं कठीण. मारिओ ज्यातून जन्मला त्याला हात कोण लावणार! म्हणजे वरचा थर प्रसिद्ध असेल तर तो इतिहास, आणि अप्रसिद्ध असेल तर ते फासलेलं काळं. हॅवॉकचा दोष एवढाच की तो खपला नाही. आणखी गुंतागुंत म्हणजे ब्लॅक विडोची बरीच मशीन खुद्द ॲटारीच्या कारखान्यातच न खपलेल्या ग्रॅव्हिटारच्या खोक्यांतून तयार झाली होती. त्यातल्या एखाद्यात पुढे हॅवॉकचं किट बसलं असेल तर तिथे थर तीन. अशा खोक्यासमोर तो तरुण काय करेल, कुठल्या थराला थांबेल?

कोडच्या दुनियेत हे भांडण नाही. हॅवॉकवर जीव असलेल्या काही हौशी मंडळींनी त्याचा मूळ कोड उलगडून 'रिटर्न टू व्हॅक्स' आणि 'द प्रॉमिस्ड एंड' नावाचे नवे अवतार केले, नवे तळ, नवे भुलभुलैये. मूळ हॅवॉक जागच्या जागी, नवे बाजूला, सगळे एकाच मेमरीत सुखानं नांदतात. ॲटारीनं टाकून दिलेला आधीचा कच्चा अवतारसुद्धा तिथे आहे. लाकडाचं तसं नाही. एका खोक्याला एक काच, एक मार्की, दोन बाजू. तिथे कुणाला तरी बाहेर जावंच लागतं.

संध्याकाळी खाण्याच्या रांगेत तो तरुण माझ्या पुढे होता. मी उगाचच विषय काढला, जरा भांडायच्या तयारीनंच. त्यानं फोन काढून फोटो दाखवले. गॅरेजच्या फळीवर टेम्पेस्टचे दोन्ही बोर्ड, बबल रॅपमध्ये गुंडाळलेली मार्की, फिरकी, मूळ पॅनेल. सगळं अस्सल, सगळं चालू. खोकं मात्र नाही. ते त्याच्या हाती आलं तेव्हा कुणाच्या तरी तळघरात पाणी शिरून फुगलेलं होतं, हात लावला तर भुगा पडत होता. मला २००५चा पूर आठवला, बाबांनी गच्चीवर चटईवर वाळत घातलेले बोर्ड आणि चिखलात उभी असलेली टीव्हींची खोकी. बोर्ड बरेचसे वाचले होते. खोकी सगळी टाकून द्यावी लागली. "याला घर हवंय फक्त," तरुण म्हणाला. आता काय भांडणार? सुताराकडून नवं खोकं का करून घेत नाहीस, असं विचारणार होते. हल्ली मापाबरहुकूम नवी खोकी कापून मिळतात, साइड आर्टही छापून मिळतं. पण शटरवाले मास्तर आठवले आणि गप्प बसले.

माझं मत विचाराल तर हॅवॉक होता तसा राहावा. तो कोपरा घासलेला आहे तसाच राहावा, म्हणजे कुणी उकिडवं बसलं तर त्याला दोन्ही दिसतील. आजोबांनी मशीन विकलं नाही, निदान त्या दिवशी तरी. पण ते सत्तरीचे आहेत, त्यांच्या मुलांना यात रस नाही असं ते मला पिना खरडता खरडता सहज बोलले होते, आणि तरुणानं आपला नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी फेकली नाही. नाण्यांच्या दाराच्या आत, मॉनिटरच्या सर्किटच्या कागदाशेजारी चिकटपट्टीनं लावली.

तरुणाकडे माझाही नंबर आहे. त्याच्या बोर्डांना कुठलं का होईना खोकं मिळालं की फोन करतो म्हणालाय. केला तर मी जाणार आहे आणि हात दुखेपर्यंत टेम्पेस्ट खेळणार आहे. खरं सांगायचं तर खेळ म्हणून मला तो हॅवॉकपेक्षा जास्त आवडतो. आजोबांना हे बोलले नाही.